मिक्सर मंडळाची वटी

कोल्हापूरच्या चौगुले अण्णांनी बंकटराव बहिरवाळांची कीव केली आणि सगळं तिथून सुरू झालं. त्यांनी शिवी दिली असती तर परवडलं असतं. शिवीला बीडच्या माणसाकडे उत्तर तयार असतं. किवेला काय उत्तर द्यायचं ते आमच्याकडे अजून कुणी शोधलेलं नाही.

सकाळची वेळ होती. ‘मिक्सर मंडळ’ या ग्रुपवर नेहमीच्या गप्पा चालल्या होत्या. मंडळ म्हणजे महाराष्ट्राच्या बारा कोपऱ्यांतली बारा माणसं, एकमेकांना कधीही प्रत्यक्ष न भेटलेली. मिक्सरचं भांडं खालून गळायला लागलं तर काय करावं, अशा एका व्हिडिओखाली सगळे आपापली रडगाणी लिहीत होते, तिथं यांची ओळख झाली. पुढं भांडी दुरुस्त झाली, गप्पा मात्र थांबल्या नाहीत. आज भाजी काय, लाइट गेली का, गुडघ्याला कुठलं तेल, असे विषय. बंकटराव एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क. दिवसभर लोक त्यांच्या टेबलापुढं अदबीनं उभे राहत, पण दोडक्याच्या शिरांची चटणी आज झकास झाली होती हे त्यातल्या कुणाला सांगणार? ते ज्यांना सांगता येतं तीच आपली माणसं, असं बंकटरावांचं ठाम मत होतं.

तर त्या सकाळी चिपळूणच्या सुहासिनीताईंनी लिहिलं, ‘आज पण कोसळतोय. कंटाळा आला बाई पावसाचा.’ हे वाक्य त्या जूनपासून रोज लिहायच्या आणि रोज ते बंकटरावांच्या काळजात रुतायचं. त्यावर चौगुले अण्णांनी विचारलं, ‘बंकटराव, तुमच्याकडे पाण्याचं कसं? टँकर येतोय ना वेळेवर?’ पुढं जोडलेले हात. त्याखाली नागपूरच्या वानखडे सरांनी एक रडका चेहरा टाकला. मग एकामागून एक अख्ख्या मंडळानं रडके चेहरे टाकले. एखाद्याच्या घरी मौत झाल्यावर टाकतात तसे.

“कावून असं तोंड केलं?” बायकोनं, विजयमालाबाईंनी विचारलं.

“लोक मला टँकर इचारायलेत.”

“मंग? परवाच आलता की.”

“ते आपलं आपल्यात! कोल्हापूरला कशाला कळाया पायजे?”

आणि बंकटरावांनी चहा बाजूला सारून, ऑफिसच्या भाषेत, एकही शब्द न चुकता लिहिलं: ‘आमच्याकडे पाली येथे बिंदुसरा धरण आहे. ते भरल्यावर सांडव्याच्या भिंतीवरून पाणी एका सपाट्यात खाली येते. त्यास आम्ही चादर म्हणतो. चादर पडली की अख्खे बीड बघायला जाते. यंदा मंडळास व्हिडिओ कॉलवर दाखवण्यात येईल.’

पाठवून झाल्यावर त्यांना आठवलं की धरणात सध्या म्हशी उभ्याउभ्या पार होतात.

पण शब्द गेला होता. त्या दिवसापासून ऑफिस सुटलं की बंकटराव स्कूटर तशीच पालीकडे घ्यायचे. धरण बघायचं, फोटो काढायचा, मंडळाला धाडायचा. फोटोत पाणी कमी आणि तळ जास्त. वानखडे सर नागपूरहून विचारायचे, ‘छान. हे मैदान कुठलं?’ बंकटराव त्यांना मैदानाच्या पलीकडे डाव्या हाताला बघायला सांगत. श्रावण आला. बीडवरून ढग जायचे, पण थांबायचे नाहीत. मस्टरवर सही इथं करायची आणि ड्यूटी दुसरीकडे बजावायची, हा प्रकार बंकटरावांनी ऑफिसात तीस वर्षं पाहिला होता. तो आभाळातही चालतो हे त्यांना नव्यानं कळलं.

शेजारचे आसाराम नवले रिटायर तलाठी. त्यांनी कुंपणावरून सल्ला दिला, “खामखा शब्द दिला बंकटराव तुमी. तलाठी म्हनून सांगतो, पान्याचं कुनी लेखी देत न्हाई.”

मंडळात मात्र एक गंमत झाली. आधी सकाळचा पहिला प्रश्न ‘भाजी काय?’ असायचा, तो आता ‘धरण किती?’ असा झाला. सुहासिनीताई ‘कंटाळा आला’ लिहून झाल्यावर ‘थोडा तुमच्याकडे धाडते’ असंही लिहू लागल्या. चौगुले अण्णा अंबाबाईच्या कानावर घालून आले. बारा माणसांपैकी अकरा जणांनी बीड नकाशातसुद्धा नीट पाहिलेलं नव्हतं आणि बीडच्या आभाळाकडे ते सकाळ-संध्याकाळ डोळे लावून बसले होते. बंकटरावांना यामुळं आधी संकोच वाटला, मग बरं वाटलं, आणि मग भीती वाटायला लागली. धरण नाहीच भरलं तर ही माणसं पुन्हा रडके चेहरे टाकतील, आणि या वेळी ते मनापासूनचे असतील.

महालक्ष्म्या जेवून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी पावसानं मनावर घेतलं. बालाघाटाच्या डोंगरावर असा पाऊस झाला की म्हशींनी रस्ता बदलला. पाणी सांडव्याच्या भिंतीला टेकलं. आता काय, आजउद्याचा प्रश्न. बंकटराव छाती फुगवून स्कूटरवरून परत आले आणि आनंदाच्या भरात मंडळावर एक वाक्य जादा लिहून बसले. ‘चादर पडताना आमच्या सौ. धरणाची वटी भरतील.’

ओटीला आमच्याकडे वटी म्हणतात. भरलेलं पाणी म्हणजे माहेरी आलेली लेक. तिला रिकाम्या हातानं बघायचं नसतं. नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू घेऊन जायचं. हे सगळं बंकटरावांनी मंडळाला समजावून सांगितलं. तिथंच थांबायचं, पण समजावण्यात हेडक्लार्काला एक सुख असतं.

‘माझ्याही नावाने एक भरा हो,’ सुहासिनीताईंनी लिहिलं. त्यापाठोपाठ सगळ्यांचंच आलं. चौगुले अण्णांनी तर विचारलं, ‘पुरुषाच्या नावानं चालती का?’

विजयमालाबाईंनी फर्मान काढलं, “पान्याला बाप्या काय आन् बाई काय, सारखंच. भरू म्हनावं.”

अकरा नारळ आणले. खणांची चिंताच नव्हती. प्रत्येक मराठी घरात कपाटावर एक पिशवी असते. लग्नात, बारशात, वास्तुशांतीला आलेले खण तिच्यात जातात आणि दुसऱ्याच्या लग्नाबारशाला बाहेर पडतात. कुणी शिवत नाही, कुणी टाकत नाही. विजयमालाबाईंनी पिशवी खाली ओतली. आसारामांच्या अंजनाबाई मदतीला आल्या होत्या. त्यांनी एक मोरपंखी खण उचलला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाल्या, “बया, हा तर मीच दिलता तुमाला. पण मला बी तुमीच दिलता वाटतं.” दोघी बराच वेळ त्या खणाचा प्रवास आठवत बसल्या. तो अंबाजोगाईला दोनदा जाऊन आला होता.

आता राहिली परवानगी. सांडव्याकडे जाऊ देत नाहीत, कागद लागतो, असं आसारामांनी सांगितलं होतं. बंकटराव संबंधित ऑफिसात गेले. नाव घेत नाही. एका टेबलानं दुसऱ्या टेबलाचं नाव घेऊ नये असा आमच्याकडे रिवाज आहे. तिथल्या क्लार्कनं मान वर न करता विचारलं, “कुठल्या संस्थेतर्फे?”

“मिक्सर मंडळ.”

“नोंदनी नंबर?”

“तसं न्हाई. ते घरगुती हाय.”

“मंग घरी करा.”

हे उत्तर बंकटरावांनी स्वतः आजवर इतक्या पोरांना दिलं होतं की दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यांना मनातल्या मनात दाद द्यावी लागली. तरी ते हटले नाहीत. शेवटी क्लार्कनं मान वर केली आणि खरं काय ते सांगितलं: उद्या भाऊंचं जलपूजन होतं. पहिला नारळ भाऊंचा. त्याच्याआधी कुणी पाण्याजवळ जायचं नाही. भाऊ कोण हे विचारण्यात अर्थ नव्हता. प्रत्येक धरणाला एक भाऊ असतो.

संध्याकाळी आसाराम गंभीर चेहऱ्यानं आले. “बंकटराव, इलेक्शनला उभं ऱ्हायलात आन् शेजाऱ्याला सांगितलं न्हाई?”

“कोन उभं ऱ्हायलं?”

“तुमी! मिक्सर चिन्ह घेतलं, अकरा नारळ घेऊन भाऊंच्या आधी पूजा करनार, असं गावभर झालंय.”

बंकटरावांनी हात जोडून सगळा खुलासा केला. आसाराम पोट धरून हसले आणि म्हणाले, “मला बी वाटलंच. म्हनलं ह्यांना कोन मत देतंय!” पहिल्या अफवेपेक्षा हा खुलासा बंकटरावांना जास्त लागला. रात्री जेवताना त्यांनी विजयमालाबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, “समजा मी उभाच ऱ्हायलो तर...” बाईंनी भाकरी वाढली आणि नारळ मोजायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालीला ही गर्दी. मांडव, भाऊंचे फ्लेक्स, हलगी. दोराच्या अलीकडे अख्खं बीड आणि पलीकडे एक हवालदार. बंकटरावांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, त्यामुळं लोक अफवेवर आणखी विश्वास ठेवत होते. एकानं तर नमस्कारही केला. त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. अकराच्या अकरा हजर! सुहासिनीताई नवी साडी नेसून बसल्या होत्या. वानखडे सरांनी फोन टीव्हीला जोडला होता. चौगुले अण्णांच्या मागं त्यांचं अख्खं घर दाटीवाटीनं उभं होतं.

“दिसतंय का?” बंकटराव ओरडले.

“पोलिसाची पाठ दिसतेय!” नागपूरहून उत्तर आलं.

धर्मराज नावाचा भाऊंचा कार्यकर्ता दोरापाशी उभा होता. त्यानं नारळाची गोणी पाहिली. “काका, आधी भाऊ. मंग तुमचं.”

“भाऊ कवा येनार?”

“निघालेत.”

भाऊ निघालेले असण्याला आमच्याकडे काळाची मर्यादा नसते. ऊन चढलं. कॉलवरची मंडळी पोलिसाची पाठ बघून कंटाळली, पण एकही उठला नाही. आसारामांनी फोन हातात घेतला, “द्या हिकडं, नेट धरंना ते,” म्हणत दोन-चार ठिकाणी दाबलं, आभाळाकडे धरला आणि “आता कसं बेस्ट झालं,” म्हणून परत दिला. ही मदत नीट ध्यानात ठेवावी.

आणि तेवढ्यात पाणी भिंतीवरून घसरायला लागलं. आधी एका कोपऱ्यातून धार, मग दुसऱ्या. गर्दीत एक हुंकार उठला. बंकटरावांचा जीव कासावीस झाला. इतके दिवस वाट बघितली, अकरा माणसं ताटकळली, पाणी आलं, आणि आपण फ्लेक्सवरच्या भाऊंच्या नमस्काराकडे बघत उभे आहोत!

दोराजवळ पालीच्या विमलबाई बसल्या होत्या. म्हातारं माणूस, दरसाल ऊसतोडीला जाऊन आलेलं, हातात आपला एक नारळ. त्या कमरेवर हात ठेवून उठल्या. “पानी काय भाऊची वाट बघून ऱ्हातंय व्हय? लेक दारात आली आन् तुमी तिला उंबऱ्यात उभी करून ठिवली. चला गं!”

त्यांनी दोर उचलला आणि खालून गेल्या. मागं बायांचा लोंढा. धर्मराज हवालदाराच्या नावानं ओरडला. हवालदार शांतपणे म्हणाला, “बाया वटीला निघाल्यावर मी कुनाला आडवू? माझी आई बी त्यातच हाय.”

विजयमालाबाईंनी गोणी काठावर उघडली. इतक्या वट्या एकटीनं भरायला दिवस गेला असता. मग त्यांनी एकेक नारळ, एकेक खण एकेका बाईच्या हातात दिला आणि कुणाच्या नावानं भरायची ते सांगितलं. वटी पाण्याला लावायची, खण-नारळ मग जिनं वटी भरली तिनंच घरी न्यायचा, असा हिशेब. आणि पालीच्या बाया, चौसाळ्याहून आलेल्या बाया, पदर खोचून, हलगीला मागं सारेल अशा आवाजात ओरडू लागल्या, “चिपळूनच्या सुहासिनीबाईच्या नावानं!” “नागपूरच्या सराच्या नावानं!” चिपळूण कुठंशी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. बीडला पाणी यावं म्हणून चिपळूणची बाई रोज बोलत होती, एवढं विजयमालाबाईंनी सांगितलं होतं आणि तेवढं पुरेसं होतं.

मग चादर पडली. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढरीशुभ्र, आणि कानठळ्या बसतील असा आवाज. तुषार उडून बंकटरावांचा चष्मा भरला. त्यांनी तो काढून खिशात घातला, फोन दोन्ही हातांनी छातीपुढं धरला आणि ओरडत सुटले, “बघा अण्णा! बघा सुहासिनीताई! ही आमची चादर! टँकर म्हनत हुता न्हवं? बघा!” फोनमधून मंडळी काहीतरी जोरजोरात ओरडत होती. वाहवा करताहेत, असं समजून बंकटराव आणखी पुढं सरकले, शेवाळावर घसरले, गुडघ्यापर्यंत पाण्यात गेले, पण फोन वरच धरला.

याच वेळी भाऊ आले. आणि धर्मराजच्या लक्षात आलं की भाऊंच्या नारळांची गाडी दुसऱ्याच धरणावर गेली आहे. तो धावत बंकटरावांपाशी आला. गोणीत एकच नारळ उरला होता, चौगुले अण्णांचा.

“काका, द्या की.”

“हा कोल्हापूरचा हाय. बिलकुल मिळनार न्हाई.”

“भाऊ उभे हायत हो!”

पँटीतून पाणी निथळत असतानाही बंकटराव ताठ झाले. “एका अटीवर. नाव अण्णांचं घ्यायचं.”

भाऊंनी अट ऐकली, समोर फोन बघितला, हे चौगुले कुणीतरी वरचे असावेत असा अंदाज बांधला आणि घसा साफ करून म्हणाले, “कोल्हापूरच्या माननीय चौगुले अण्णांच्या नावानं!” कार्यकर्त्यांनी “अण्णांचा विजय असो!” म्हणून आरोळी ठोकली. त्या आरोळीतच फोनची बॅटरी संपली.

बीड जिंकल्यासारखे बंकटराव घरी आले. फोन चार्जिंगला लावला आणि ओली पँट न बदलताच मंडळ उघडलं. पहिला मेसेज, ‘कॅमेरा फिरवा.’ दुसरा, ‘बंकटराव, कॅमेरा उलटा झालाय!’ तिसरा, चौथा, पाचवा, तेच. वानखडे सरांनी तर पायऱ्या लिहून दिल्या होत्या, कुठं दाबायचं ते. आसारामांनी नेट धरताना तिथंच दाबलं होतं. मंडळाला चादर दिसलीच नव्हती. पाणी घसरायला लागल्यापासून शेवटपर्यंत, नागपूरच्या टीव्हीवर आणि कोल्हापूरच्या अख्ख्या घरापुढं, फक्त बंकटराव बहिरवाळांचं तोंड दिसलं होतं.

“गेली इज्जत,” बंकटराव खुर्चीत बसत म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “आता म्हनतील, चादर नव्हतीच.”

“पुढं वाचा की,” विजयमालाबाई म्हणाल्या. त्यांनी खांद्यावरून वाकून आधीच वाचलं होतं.

खाली सुहासिनीताईंचं होतं. ‘पाणी नाही दिसलं. पण माझं नाव ऐकलं हो, दोनदा. लग्नाला तीस वर्षं झाली, एवढ्या मोठ्यांदा माझं नाव कुणी घेतलं नव्हतं. ती बाई कोण? तिला सांगा, मी रडले.’

आणि चौगुले अण्णांचं. ते फारसं लिहीत नसत. ‘बंकटराव, पाणी बघून माणूस असा हसतो आणि रडतो, हे आम्ही कधी बघितलं नव्हतं. आमची पंचगंगा दर वर्षी येते, आम्ही तिला शिव्या देतो. टँकरचं विचारलं, चुकलं माझं. उद्या आमची मंडळी नदीवर वटी घेऊन निघाली आहेत. खण चालतो म्हणालात ना, न शिवलेला?’

बंकटरावांनी फोन विजयमालाबाईंच्या हातात दिला, चष्मा पुसला, पुन्हा घेतला आणि पुन्हा वाचला. मग उठून आसारामांच्या दारात गेले आणि त्यांनाही वाचून दाखवलं, पंचगंगेचं वाक्य दोनदा. आसाराम म्हणाले, “मी बटन दाबलं म्हनून झालं हे सगळं.” बंकटरावांनी त्या दिवशी तेही मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी मंडळ उघडलं. सुहासिनीताईंचा मेसेज आला होता. ‘आज पण पाऊस आहे.’ बंकटराव पुढच्या शब्दांची वाट बघत राहिले. पुढं काही नव्हतं. मेसेज तिथंच संपला होता.

“भाजी काय आनायची आज?” विजयमालाबाईंनी आतून विचारलं.

बंकटरावांनी ताठ बसून, ऑफिसच्या भाषेत, एकही शब्द न चुकता लिहिलं: ‘आज आमच्याकडे दोडका. धरण शंभर टक्के.’